कॉम्प्युटरचं कुंकू

आमच्या साखर कारखान्याचा हंगाम संपला की शेतकी विभागातल्या आम्हा क्लार्क लोकांना कामच उरत नाही. ऊस संपलेला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी गेलेल्या, आणि डोक्यावरचा पंखा गरम हवा ढवळत बसलेला. अशा वेळी शहाण्या माणसाने रजा टाकून घरी झोपावं. मी रजा टाकली, पण झोपलो नाही. 'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी' ही म्हण ज्याने केली, त्याच्या ओळखीत एखादा कारखान्याचा क्लार्क नक्की असणार.

तर त्या सकाळी माझी बायको धनश्री श्रीगोंद्याच्या आठवडे बाजाराला गेली आणि माझ्या मनात आलं, आपला कॉम्प्युटर जरा स्लो झालाय, तो तेवढ्यात ताजातवाना करून टाकू. तिला सरप्राइज! (माझ्या सरप्राइजेसचा घरात जो इतिहास आहे, तो मी इथे सांगणार नाही. कुकरची नवी शिट्टी अजून छपरावर सापडलेली नाही, एवढंच सांगतो.)

कॉम्प्युटर तसा धनश्रीचाच. तिच्या माहेरून, जामखेडहून आलेला. तिने डीटीपीचा कोर्स केला तेव्हा सासूबाईंनी हौसेनं घेऊन दिला होता. त्यावर ती लग्नपत्रिका करते. आमच्याकडे लग्नपत्रिका म्हणजे नुसतं आमंत्रण नव्हे. निमंत्रक, कार्यवाहक, प्रेषक, मानकरी असं करत करत अख्खी भावकी त्या कागदावर चढते, आणि एक नाव सुटलं की तो माणूस लग्नाला येत नाही. नुसता येत नाही असं नाही, पुढची कैक वर्षं कोणाकोणाच्या मयतीलाही येत नाही. त्यामुळे माझ्या बायकोला अर्ध्या तालुक्यातले रुसवे-फुगवे तोंडपाठ आहेत.

सध्या तिच्याकडे आमच्या शेजारच्या आसारामभाऊंच्या जयाची पत्रिका होती, आणि ती साधीसुधी नव्हती. आसारामभाऊ आणि त्यांचे चुलतभाऊ रामहरीभाऊ यांचं बांधावरून वाजलं होतं. बांध म्हणजे किती? त्यावर एक म्हैस नीट बसणार नाही. पण तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. आता जया लहानपणी रामहरीकाकांच्याच खांद्यावर बसून जत्रा बघायची. तिने बापाला स्पष्ट सांगितलं, "काकांचं नाव तुमच्या शेजारी असंल तरच मी बोहल्यावर उभी ऱ्हाते." बाप तयार झाला. काका तयार झाले. मग प्रश्न आला, पहिलं नाव कोणाचं? ते पहिलं आलं तर हे जाणार, हे आलं तर ते.

यावर माझ्या बायकोने डोकं चालवलं. पत्रिकेच्या डोक्यावर तिने कमान काढली. मधोमध गणपती, आणि कमानीच्या दोन्ही बाजूंनी एकेक भाऊ. दोघेही गणपतीला चिकटून. अक्षर सारखं, उंची सारखी. पहिलं कोणीच नाही, दुसरं कोणीच नाही. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी येऊन स्क्रीनवर पाहून मान डोलावली. तिने कागदावर छापून दिलं नाही की फोटो काढू दिला नाही, कारण फोटो एकाकडे गेला की गावाला जातो आणि मग बाकीच्या भावकीला एकेक सुधारणा सुचते. उद्या सकाळी ती फाईल नगरच्या प्रेसवाल्याला पाठवायची होती. आज संध्याकाळी दोघे भाऊ प्रथमच एकदम येऊन शेवटचं बघून जाणार होते.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून तर मी हुशारीने तिची सगळी कामं आधी डी ड्राइव्हमध्ये नेऊन ठेवली. (मी एमएस-सीआयटी पास आहे. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलेलं आहे. त्याच्या खिळ्याला सध्या लिंबू-मिरची टांगलेली असते.) मग कपाटातून कॉम्प्युटरबरोबर आलेली जुनी डिस्क शोधून काढली. ती धनश्रीच्या पैठणीच्या घडीत होती. डिस्क आत घातली, 'पुसून नव्याने टाकू का?' असं त्याने विचारलं, मी 'हो' म्हणालो. त्याने परत विचारलं, 'नक्की?' लग्नात भटजींनी सुद्धा मला दोनदा विचारलं नव्हतं. मी पुन्हा 'हो' म्हणालो.

जुनी विंडोज गेली. निळा पडदा आला आणि त्यावर एक रिकामी चौकट उघडून तो म्हणाला, प्रॉडक्ट की टाका. पाच-पाच अक्षरांचे पाच गट. खाली छोटं चित्र दाखवलेलं, की ही अक्षरं तुमच्या कॉम्प्युटरच्या डब्यावरच्या स्टिकरवर आहेत.

मी टेबलाखाली वाकलो. काळा डबा, आणि त्याच्या कुशीवर तो स्टिकर. स्टिकर होता, पण त्यावर अक्षरं नव्हती. कुंकू होतं. दर दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मोटारसायकल, मिक्सर, शिलाई मशीन, शेतातली मोटर आणि कॉम्प्युटर, सगळ्यांना ओलं कुंकू, हळद, झेंडूचं फूल. आणि सगळ्या काळ्या डब्यावर चकाकणारी, छान चौकोनी जागा एकच असल्यामुळे दरवर्षी बोट नेमकं तिथेच टेकलेलं. कुंकवाची पुटावर पुटं चढून त्या जागी चांगला लाल पोपडा धरला होता. मधूनच एखादं इंग्रजी अक्षर डोकं वर काढत होतं.

"आई!" मी ओरडलो. "हे काय करून ठेवलंस?"

माझी आई लंकाबाई ओसरीत लसूण सोलत होती. तिथूनच म्हणाली, "मी काय केलं?"

"कॉम्प्युटरला कुंकू लावलंस!"

"मंग काय काजळ लावू? आन् मी न्हाई लावलं."

"तू नाही तर धनश्रीने लावलं असेल. तुम्हा बायकांना कुठे काय लावावं याचं भान नाही. अगं, हा परवाना आहे. त्याच्यावर सगळं चालतं!"

आई आत आली, चष्मा नाकावर खाली घेऊन तिने डब्याकडे पाहिलं. "खोबऱ्याचं तेल लाव. कुंकू तेलानं निघतं."

मी एमएस-सीआयटी झालेला माणूस. कॉम्प्युटरला खोबरेल तेल लावणार? मी शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. धनश्रीच्या ड्रॉवरमधून नेलपॉलिश काढायची बाटली आणली, कापसाचा बोळा भिजवला आणि हलक्या हाताने पुसलं. नंतर जरा जोरात पुसलं. मग बोळा बाजूला घेऊन पाहिलं. कुंकू होतं तसं होतं. अक्षरं गेली होती.

आईने माझ्याकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही आणि परत लसूण सोलायला गेली. तिचं हे न बोलणं मला माझ्या दहावीच्या निकालापासून ओळखीचं आहे.

जी चारदोन अक्षरं उरली होती त्यांच्या जोरावर मी अंदाज बांधायला लागलो. प्रत्येक वेळी 'ही की चालत नाही' अशी लाल ओळ येई. चौकटीखालचं 'पुढे' बटण फिकटच राहिलं. आमचा कॉम्प्युटर तालुक्याच्या कचेरीसारखा वागत होता. काय कमी आहे ते सांगायचं नाही, फक्त नाही म्हणायचं.

मी बाजारपेठेतल्या कल्याणला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पलीकडून बँडचा आवाज आला.

"भाऊ, मी मेव्हन्याच्या लग्नात हाय, जामखेडला! बोला!"

"अरे, विंडोज टाकतोय. की चालत नाही!"

"स्टिकर बघा डब्याचा!"

"स्टिकरला कुंकू लागलंय!"

"कोनाला?"

"स्टिकरला! कुंकू!"

"अभिनंदन भाऊ!" म्हणाला आणि वरात पुढे सरकली असावी, कारण नंतर नुसतेच ताशे ऐकू आले.

आता शेवटचा उपाय म्हणून मी स्क्रूड्रायव्हर घेऊन डब्यापुढे मांडी ठोकली. आतली डिस्क काढून दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरला लावायची, असं मी कुठेतरी वाचलं होतं. नेमकी तेव्हाच धनश्री दोन पिशव्या घेऊन दारात उभी राहिली. तिने निळा पडदा पाहिला, बोळा पाहिला, बाटली पाहिली, आणि माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहिला.

"अहो, तो खाली ठेवा," ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात की मी लगेच ठेवला.

मी सगळं सांगितलं. फाईल सुरक्षित आहे, फक्त तिच्यापर्यंत जाता येत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ती पिशवीतली वांगी न काढता तशीच खुर्चीत बसली. ती कमान बसवायला तिने रात्रंदिवस डोळे फोडले होते. एका भावाच्या नावात काना-मात्रा जास्त, म्हणून त्याची ओळ लांब दिसायची. ती सारखी करायला तिने एकेक अक्षर चिमटीत धरल्यासारखं सरकवलं होतं. आणि हे काम नीट झालं तर अख्ख्या भावकीच्या पत्रिका तिच्याकडे येणार होत्या.

"पुन्हा करता येईल की," मी म्हणालो.

"अक्षरं पुन्हा करता येतील. त्या दोघांनी 'बरं' म्हटलं होतं, ते पुन्हा कुठून आणू?"

तेवढ्यात अंगणात दोन मोटारसायकली थांबल्या. एकीवरून आसारामभाऊ उतरले, दुसरीवरून रामहरीभाऊ. दोघे आत आले आणि सोफ्याच्या दोन टोकांना बसले. मध्ये एक माणूस सहज झोपला असता एवढी जागा सोडली.

"दावा मंग पत्रिका," आसारामभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले.

"व्हय, दावा," रामहरीभाऊ पंख्याकडे बघून म्हणाले.

मी घसा साफ केला. कारखान्यावर शेतकऱ्याला 'तुमची तोड पुढच्या आठवड्यात' असं सांगताना जो आवाज काढतो तो काढला. जे घडलं ते सांगितलं, फक्त त्यात 'अचानक' हा शब्द बऱ्याच वेळा वापरला. अचानक कॉम्प्युटर बंद पडला, अचानक नंबर पुसला. धनश्री मध्येच शांतपणे म्हणाली, "यांनीच पुसला." तिथून पुढे 'अचानक' बंद झालं.

"किती आकडी नंबर हाय?" आसारामभाऊंनी विचारलं.

"पंचवीस अक्षरी."

"माझ्या ट्रॅक्टरचा चेसी नंबर टाकून बघा. लई लांब हाय."

"त्यांना सांगा," रामहरीभाऊ मला म्हणाले, "ट्रॅक्टरच्या नंबरावर कॉम्प्युटर चालत न्हाई."

"त्यांना सांगा," आसारामभाऊ मला म्हणाले, "काय चालतं ते त्यांनीच सांगावं मंग."

रामहरीभाऊंनी विचार केला. "आधारचा टाकून बघा. आता समद्याला आधारच लागतंय."

मी आसारामभाऊंच्या समाधानासाठी चेसी नंबर टाकला आणि रामहरीभाऊंच्या समाधानासाठी आधार नंबर टाकला. कॉम्प्युटरने दोघांनाही सारखाच नकार दिला, एवढं तरी बरं झालं. नाहीतर तिथेच नवा वाद सुरू झाला असता.

"मंग परत लिवा की नव्यानं," आसारामभाऊ म्हणाले. "न्हाईतरी माझ्या मनात हुतंच. कमान कशाला? बाप पोरीचा मी हाय. माझं नाव वर यावं, बाकीच्यांचं खाली."

रामहरीभाऊ उठून उभे राहिले. "त्यांना सांगा, मंग आमचं नावच नको. आमी अक्षता दारातनंच टाकू."

आसारामभाऊही उठले. धनश्री मध्ये उभी राहिली. आई दारात आली. मला वाटलं, गेलं. ज्या पोरीने दोन माणसांना एका कागदावर आणलं, तिच्या लग्नात मी पुन्हा बांध घातला. खरं सांगतो, मला रडू येण्याच्या बेतात होतं. पुरुषासारखा पुरुष, हातात कापसाचा लाल बोळा घेऊन.

अशात धनश्रीचा फोन वाजला. जामखेडहून सासूबाई, कडूबाई. त्यांचा रोज याच सुमाराला फोन येतो. पाणी आलं का, भाजी काय केली, ऊन किती आहे, एवढं विचारतात. मला त्या फोनचा फार कंटाळा होता. शिवाय त्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी गुलाबाचं फूल, दुपारी आरोग्याचा सल्ला आणि संध्याकाळी समईची ज्योत पाठवतात. तो ग्रुप मी कधीच बंद करून ठेवलेला आहे. आवाज येत नाही असा.

धनश्रीने फोन उचलला, आणि आईचा आवाज ऐकताच तिला हुंदका आवरला नाही. तिने फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवला.

"काय झालं गं? रडायलीस कामून?" पलीकडून सासूबाई. "जावईबापू बरे हायेत न्हवं?"

"मी बरा आहे, मामी," मी म्हणालो. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. "कॉम्प्युटर बरा नाही. त्याच्यावरचा नंबर गेला. कुंकू लागून."

"दसऱ्याचं कुंकू?"

"हो."

"मंग त्याचा फोटू हाय की माझ्याकडं."

आसारामभाऊ परत खाली बसले.

"कसला फोटो, मामी?"

"कॉम्पुटर नवा घेतला त्या वर्षी म्या दसऱ्याला तुमच्याकडं आले नव्हते का? तवा तुमी पूजेला बसलात आन् मला म्हनलात, मामी, फोटू काढा. म्या चांगले तीन काढले. जावयाचा पूजेतला फोटू, म्हनून ठिवलाय जपून. थांबा, धाडते."

मला आठवलं. गेल्या दिवाळीत त्यांचा मोबाईल सारखा अडकतो म्हणून मी तो हातात घेतला होता. 'मामी, हे जुने फोटो सगळे उडवून टाकू, फोन पळायला लागेल,' असं म्हणालो होतो. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि कमरेला खोचला. 'अडकंना का,' म्हणाल्या होत्या. 'मला कुठं पळायचंय?' मी तेव्हा सगळ्या पाव्हण्यांसमोर हसलो होतो.

फोन टिंग टिंग वाजू लागला. पहिल्यांदा गुलाबाचं फूल आलं. मग कोणाच्या तरी बारशाचा पाळणा. मग शेळी. मग समई. आम्ही पाचही जण त्या छोट्या पडद्यावर डोकी घालून उभे. त्यानंतर एक फोटो आला, त्यात नुसता सासूबाईंचा अंगठा होता. मग पुढचा आला.

आमचीच हॉलची भिंत. टेबलाखालचा नवाकोरा काळा डबा, झेंडूचा हार, आणि डब्याच्या कुशीवर लख्ख, स्वच्छ, आरशासारखा स्टिकर. प्रत्येक अक्षर सुटं. त्या स्टिकरच्या दिशेने एक करंगळीशेजारचं बोट निघालेलं, टोकाला ओलं कुंकू, बोटात पोवळ्याची अंगठी. बोटाच्या मागे हात, हाताच्या मागे पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या वर भक्तीने डोळे मिटलेला माझा चेहरा.

आईने माझ्याकडे पाहिलं. धनश्रीने माझ्या बोटातल्या अंगठीकडे पाहिलं.

"शस्त्रपूजा कर्त्या पुरुषानं करायची असती," आई सगळ्यांना समजावून सांगावं तशी म्हणाली. "दरसाल त्योच करतो."

मी म्हणालो, आधी नंबर टाकून घेऊ. (विषय बदलायला याहून चांगली वेळ नव्हती.)

धनश्री कीबोर्डवर बसली. फोटो मोठा केला की तो इकडेतिकडे पळायचा, म्हणून आसारामभाऊ तो दोन्ही हातांनी घट्ट धरून सोफ्याच्या आपल्या टोकाला बसले. पण त्यांचा जवळचा चष्मा घरी राहिला होता. रामहरीभाऊंच्या डोळ्यांवर चष्मा होता. ते थोडा वेळ दुसऱ्या टोकावरूनच वाकून बघत राहिले, मग सोफ्याच्या मधल्या जागेत सरकले. दोघांचे खांदे टेकले.

"बोला," धनश्री म्हणाली.

रामहरीभाऊ एकेक अक्षर वाचू लागले. शाळा जेमतेम झालेली, पण ट्रकची नंबर प्लेट वाचून वाचून इंग्रजी पक्कं. "मंग आठ."

"आठ न्हाई त्ये," आसारामभाऊ फोन डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "बी असंल."

"आरं चष्मा माझ्याकडं हाय का तुझ्याकडं? आठ हाय म्हनलं ना!"

"बरं बाबा, आठ. लाव पुढं. हालू नको, हात दुखाय लागलाय."

"मंग दे हिकडं, मी धरतो."

"धर की. तुला कवा न्हाई म्हनलं?"

धनश्रीची बोटं कीबोर्डवर थांबली होती. आईने पदराने तोंड दाबून धरलं होतं. त्या दोघांच्या अजून लक्षात आलं नव्हतं, की 'त्यांना सांगा' गळून पडलंय. मी मात्र त्या क्षणाला जो गप्प राहिलो, तेवढीच माझी त्या दिवसाची एकमेव चांगली कामगिरी. शेवटचा गट झाला. धनश्रीने एकदा सगळी अक्षरं तपासली. 'पुढे' बटण फिकट होतं ते ठळक झालं. तिने दाबलं आणि लाल ओळ आली नाही.

विंडोज बसेपर्यंत सगळ्यांनी चहा घेतला. दोघा भावांनी एकाच ताटलीतले बटर बुडवून खाल्ले. मग धनश्रीने डी ड्राइव्ह उघडला, फॉन्ट परत टाकले, फाईलवर टिचकी मारली, आणि कमान उभी राहिली. मधोमध गणपती, डावीकडे आसाराम, उजवीकडे रामहरी. आसारामभाऊ म्हणाले, "झ्याक हाय. हात लावू नका आता कुनी." मला वाटतं, ते नुसतं पत्रिकेबद्दल बोलत नव्हते.

फोन अजून चालूच होता. पलीकडे सासूबाई ताटकळत होत्या. मी फोन हातात घेतला. पाव्हण्यारावळ्यांसमोर आभार मानायची मला सवय नाही. पण सांगितलं, "मामी, तुम्ही आज आमची लाज राखली. तुमचे उपकार कसे फेडू?" ज्या बाईला मी 'फोटो उडवा' म्हणून हसलो, तिने माझा डोळे मिटलेला फोटो एवढी वर्षं सांभाळला, कारण तो जावयाचा होता.

"उपकार कसले?" त्या म्हणाल्या. "माझं गुलाबाचं फूल तेवढं बघत जावा सकाळचं. तुमच्या नावापुढं निळी टिक येत न्हाई, मला कळतं."

मी तिथल्या तिथे ग्रुपचा आवाज चालू केला. आता रोज सकाळी गुलाबाला नमस्कार पाठवतो. सासूबाई त्यावर अंगठा पाठवतात, आणि दिवस चांगला जातो. खोटं कशाला बोलू, खरंच चांगला जातो.

निघताना दोघा भावांनी हट्ट धरला, की एवढी धावपळ झाली तर सगळ्यांची नावं पत्रिकेत पाहिजेत. सासूबाईंचं नाव 'विशेष उपस्थिती'त एकमताने गेलं. धनश्रीचं नाव खाली संकल्पना म्हणून गेलं. माझं नाव कुठे घालायचं यावर मात्र चर्चा लांबली. निमंत्रकांत घातलं तर भावकी म्हणणार हा कोण. मानकऱ्यांत घातलं तर जयाचे मामा रुसणार. शेवटी धनश्री म्हणाली, "एक जागा आहे. तिथे कोणीच रुसत नाही. घालू का?" मी उदार मनाने म्हणालो, घाल कुठेही, मला नावाचा सोस नाही. आणि मोठेपणाने स्क्रीनकडे न बघता त्यांना सोडायला अंगणात गेलो.

पत्रिका छापून आल्या. सुंदर झाल्या होत्या. मी वरपासून वाचत खाली आलो. नाव दिसेना. अगदी तळाशी, दोन छोट्या फुग्यांच्या चित्रांमध्ये, किलबिल मंडळींची ओळ होती : 'आमच्या जयाताईच्या लग्नाला यायचं हं! – कु. दिशा, चि. ओंकार, चि. राधू.'

"राधू?" मी विचारलं.

"तुमचं राधाकृष्ण मावत नव्हतं," धनश्री म्हणाली. "आईंनी घरातलं नाव सुचवलं."

माझ्या हातात ती एक आली तोवर बाकीच्या पत्रिका तालुकाभर वाटून झाल्या होत्या. लग्नाच्या दिवशी मांडवात दोघे भाऊ एकाच रंगाचा फेटा बांधून दारात उभे होते, येईल त्याला मिठी मारत होते. रामहरीकाकांनी जयाला हाताला धरून बोहल्यावर नेलं, तेव्हा मीही डोळे पुसले. मनात म्हणालो, देवा, एवढं सगळं माझ्या हातून बिघडता बिघडता राहिलं, तुझे आणि मामींचे आभार. मग मानपान सुरू झाला. माईकवर एकेक नाव पुकारून कोणाला फेटा, कोणाला टॉवेल-टोपी. नवऱ्या मुलाचे मामा प्राथमिक शिक्षक. त्यांनी पत्रिकेतल्या किलबिल मंडळींसाठी हौसेने कंपासपेट्या आणल्या होत्या. त्यांनी माईक हातात घेतला. दिशा गेली, ओंकार गेला.

"आता चि. राधू! राधू बाळ कुठं आहे? लाजायचं नाही, पुढं यायचं!"

मी मंडपाच्या खांबाआड झालो. पण आसारामभाऊंनी माझा एक हात धरला, रामहरीभाऊंनी दुसरा, आणि दोघांनी मिळून मला स्टेजवर नेऊन उभं केलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, पत्रिकेकडे पाहिलं, माझ्या पिकल्या मिशीकडे पाहिलं. पण शिक्षक तो शिक्षक. त्यांनी कंपासपेटी माझ्या हातात ठेवली, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि माईक तोंडाजवळ तसाच धरून म्हणाले, "असू दे, असू दे. शिकायला वय नसतं. यंदा तरी पास हो."